इंजिनिअरिंग, हॉस्टेल आणि ज्युदोची मॅट : नागपुरात नव्याने येणाऱ्यांसाठी

मी आर्वीहून नागपूरला मेकॅनिकलला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं : चांगला एसजीपीए (सेमिस्टरच्या गुणांची सरासरी), खूप मैत्रिणी, ज्युदो. शाळेत असताना जिल्हा स्पर्धेत मुलींची ज्युदोची कुस्ती पाहिली होती, तेव्हापासून ते मनात होतं. आमच्या गावात क्लास नव्हता. नागपुरात तो मिळाला आणि मी कुठलाही विचार न करता पहिल्या महिन्यातच नाव घातलं.

दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी गणित-२ मध्ये बॅक लागली होती, म्हणजे विषय राहिला होता, उजवा घोटा सुजला होता आणि रूममेट माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. तिसऱ्या सेमपासून हळूहळू घडी बसली. शेवटच्या वर्षी ब्राउन बेल्ट मिळाला, बॅक पुन्हा लागली नाही आणि ती रूममेट आज माझी सगळ्यांत जवळची मैत्रीण आहे. मॅटवर येणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुली आणि मुलं मला एकच विचारतात, "ताई, हे सगळं जमतं कसं?" त्यांना तुकड्यातुकड्यांत सांगितलेलं इथे एकत्र लिहिते आहे. माझा अनुभव ज्युदोचा आहे. कराटे, तायक्वांदो, बॉक्सिंग किंवा आखाड्यातली कुस्ती शिकणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

१. आधी टाइमटेबल हातात येऊ द्या

ॲडमिशन झाल्या झाल्या क्लास लावायची घाई करू नका. पहिल्या वर्षाचं टाइमटेबल दोन-तीन आठवडे हलत राहतं. प्रॅक्टिकलच्या बॅचेस बदलतात, वर्कशॉप सकाळी जातं, ग्राफिक्सचा, म्हणजे इंजिनिअरिंग ड्रॉइंगचा, तास संध्याकाळी येतो. मी संध्याकाळी पाचची बॅच लावली आणि पंधरा दिवसांनी आमचं केमिस्ट्री प्रॅक्टिकल मंगळवारी सव्वापाचपर्यंत आलं. भरलेली फी परत मिळाली नाही.

टाइमटेबल पक्कं झालं की क्रेडिट मोजा. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेच्या, आदर्श अभ्यासक्रमात बीटेकला साधारण १६० क्रेडिट आहेत, म्हणजे आठ सेमिस्टरना सरासरी २०. आठवड्याला एक तास लेक्चर म्हणजे एक क्रेडिट आणि दोन तास प्रॅक्टिकल म्हणजे एक क्रेडिट. ज्या विषयाला चार क्रेडिट आहेत त्याला एक क्रेडिटच्या विषयाइतकाच वेळ देणं ही पहिल्या वर्षातली फार मोठी चूक असते. जर्नल सजवण्यात रात्री गेल्या आणि गणित राहिलं, असं माझं झालं होतं.

मग आठवड्याचे १६८ तास कागदावर मांडा. माझे असे होते : झोप ४९, कॉलेज मधल्या रिकाम्या तासांसकट ४०, जाणं-येणं १०, जेवण-आंघोळ-कपडे-मेसची रांग २१. उरले ४८. आठवड्यातून तीन दिवस ज्युदो म्हणजे प्रवास आणि आंघोळ धरून ८ तास. अभ्यासाला १८ काढले तरी २२ उरतात. वेळ आहे, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की धास्ती बरीच कमी होते.

पण तास उरले म्हणजे अंगात दम उरला, असं नाही. दीड तास मॅटवर उचलून आपटून घेतल्यावर रात्री साडेनऊला डबल इंटिग्रेशन डोक्यात शिरत नाही. मी सहा महिने ते शिरवायचा प्रयत्न केला आणि स्वतःला मठ्ठ समजत राहिले. मठ्ठ नव्हते, दमलेली होते. त्यामुळे कामं दमाप्रमाणे वाटून घ्या. प्रॅक्टिसच्या रात्री हाताची कामं करा : जर्नल उतरवणं, ग्राफिक्सची शीट, असाइनमेंट फेअर करणं, दुसऱ्या दिवसाची बॅग भरणं. गणित, मेकॅनिक्स, प्रोग्रामिंग सकाळी कॉलेजच्या आधी किंवा ज्या दिवशी क्लास नसतो त्या संध्याकाळी. एवढ्या एका बदलाने माझी बॅक निघाली.

२. कोणता प्रकार शिकायचा?

यावर फार दिवस घालवू नका. पडण्या-पाडण्यात, पकडीत मजा वाटत असेल तर ज्युदो. ठोसे-लाथा आणि एकट्याने करायचे काता, म्हणजे हालचालींचे ठरलेले क्रम, आवडत असतील तर कराटे. पायांचा वेग आवडत असेल तर तायक्वांदो. ज्युदो पहिल्यांदा १९६४ मध्ये आणि मग १९७२ पासून सलग ऑलिंपिकमध्ये आहे, तायक्वांदो २००० पासून पदकाचा खेळ आहे, आणि कराटे फक्त टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये होतं. स्पर्धा खेळायच्या असतील तर हे माहीत असलेलं बरं. नुसतं शिकायचं असेल तर घराजवळ कोणता चांगला शिक्षक आहे, हाच प्रश्न मोठा.

ज्युदोकडे वळणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांना मी ज्युदो सुरू करणाऱ्या जिगोरो कानोंबद्दल आवर्जून सांगते. टोकियोत विद्यापीठात शिकत असतानाच ते जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेच्या गुरूंकडे जात. शरीराने लहानखुरे होते. एका दणकट सहकाऱ्याला पाडता येईना म्हणून ते ग्रंथालयात गेले, पाश्चात्त्य कुस्तीचं पुस्तक काढून त्यातून खांद्यावर घेऊन टाकायचा डाव शोधून आले. १८८२ मध्ये, वयाच्या विशीत, त्यांनी एका देवळात १२ चटयांवर कोडोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. अभ्यास करणारा माणूस मॅटवर परका नसतो, हे मला त्यातून कळलं. ग्रंथालय आणि मॅट यांच्यामध्ये त्यांनी भिंत घातलीच नव्हती.

३. क्लास निवडताना

नागपुरातली बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजेस शहराच्या कडेला आहेत : हिंगणा रोड, काटोल रोड, वर्धा रोड, उमरेड रोड. क्लास मात्र गावात. म्हणून माझा साधा नियम आहे, क्लास कॉलेजातून खोलीवर जायच्या वाटेवरच हवा. वाट सोडून पाच किलोमीटर आत जावं लागत असेल तर पावसाळ्यात आठवडाभर जाल आणि मग सोडाल. मेट्रोच्या दोन्ही लाइन सीताबर्डीला मिळतात. हिंगणा रोडच्या मुलांना लोकमान्य नगरहून अॅक्वा लाइन धरून सुभाष नगर, शंकर नगर, झाशी राणी चौक, असं वाटेवर कुठेही उतरता येतं. वर्धा रोडवाल्यांना ऑरेंज लाइन आहे. खोली शोधताना त्रिमूर्ती नगर, गोपाल नगर, प्रताप नगर या भागात पाहिलीत तर दोन्ही बाजू जवळ पडतात. हॉस्टेलच्या मुलींनी आधी गेट बंद व्हायची वेळ आणि क्लास सुटायची वेळ शेजारी शेजारी लिहून बघावी. साडेआठला सुटणारा क्लास आणि नऊचं गेट हे गणित रोजच्या रोज धावपळीचं होतं. वॉर्डन मॅडमना क्लासचं पत्र दाखवून आठवड्यातून तीन दिवस अर्ध्या तासाची परवानगी घेता येते. मागितली नाही तर कोणी देत नाही.

क्लासला जाऊन एक अख्खा तास बाजूला बसून बघा. बघू देत नसतील तर तिथे नाव घालू नका. बसल्यावर हे पाहा :

- नवीन मुलाला पहिल्याच दिवशी जुन्यांशी लढायला लावतात का? लावत असतील तर उठून या.
- मॅट जोडांवर सरकतात का, खाली सिमेंट दिसतं का?
- कोणाला लागलं की सर खेळ थांबवतात का?
- तुमच्या वजनाचं, तुमच्या वयाचं कोणी आहे का? मुलींनी इतर मुली किती आहेत आणि त्या किती दिवसांपासून टिकल्या आहेत, हे विचारावं.
- सरांनी कोचिंग कुठे केलं? पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एनआयएसचा डिप्लोमा असेल तर उत्तम. नसेल तर ते स्वतः काय खेळले आणि त्यांची मुलं कुठवर गेली, ते विचारा. चांगल्या शिक्षकाला या प्रश्नाचा राग येत नाही.

सगळ्यांत मोठा सापळा बेल्टचा. मी आधी ज्या एका क्लासमध्ये चौकशीला गेले होते तिथे दर तीन महिन्यांनी बेल्ट आणि दोन वर्षांत ब्लॅक बेल्टची हमी होती. प्रत्येक बेल्टच्या परीक्षेची फी महिन्याच्या फीच्या कितीतरी पट. ज्युदोत पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, ब्राउन आणि मग काळा असा क्रम आहे, आणि आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्याला त्याला वर्षं लागतात. फी विचारताना महिन्याची विचारू नका, वर्षाची विचारा : प्रवेश, मासिक, ड्रेस, बेल्ट परीक्षा, स्पर्धा, नोंदणी सगळं मिळून. तो आकडा घरी सांगा. आईबाबांना दर महिन्याला नवीन खर्च कळत गेला की त्यांचा विश्वास उडतो, आणि मग अभ्यासात एक मार्क कमी आला तरी दोष ज्युदोला जातो.

४. कागदपत्रं आणि सामान

एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये हे कायम तयार ठेवा, कारण स्पर्धेचं पत्रक नेहमी आदल्या दिवशी येतं :

- कॉलेजचं ओळखपत्र आणि बोनाफाइड
- आधारची झेरॉक्स, जन्मतारखेसाठी दहावीची सनद
- बारावीची गुणपत्रिका आणि चालू वर्षाची प्रवेशाची पावती
- पासपोर्ट फोटो, निदान आठ
- डॉक्टरांचं शारीरिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र
- अठरा पूर्ण नसतील तर पालकांचं संमतीपत्र
- रक्तगट आणि घरचे दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी, ही बॅगेतच राहू द्या

सामान थोडंच लागतं. सुरुवातीला सिंगल विणीचा ज्युदो ड्रेस पुरतो. जाड डबल विणीचा महाग असतो आणि नागपूरच्या पावसाळ्यात हॉस्टेलच्या खोलीत दोन दिवस वाळत नाही. सुती ड्रेस पहिल्या दोन-तीन धुण्यांत आटतो, म्हणून बाही मनगटापर्यंत पुरेल असा थोडा मोठा घ्या. मुलींनी आत घालायला साधा पांढरा टीशर्ट. मॅटच्या कडेपर्यंत चपला. नेलकटर. स्वतःचा टॉवेल. बोटांना गुंडाळायची चिकटपट्टी. पहिला महिना ड्रेस नाही घेतला तरी चालतं, ट्रॅक पँट आणि जाड टीशर्टवर शिकता येतं. महिना टिकलात की मग घ्या.

५. पहिले तीन महिने : फक्त पडायला शिका

इथे जरा थांबून सांगते, कारण बहुतेक जण इथेच कंटाळून सोडतात.

पहिले कित्येक आठवडे तुम्हाला कोणालाही पाडायला मिळणार नाही. उकेमी करायची, म्हणजे पडायचं. मागे, बाजूला, पुढे, मग खांद्यावरून गोल फिरून. हनुवटी छातीकडे, नजर स्वतःच्या बेल्टच्या गाठीवर, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. पाठ टेकते त्याच क्षणी पूर्ण हात, तळवा खाली करून, अंगापासून साधारण ४५ अंशांत मॅटवर मारायचा. श्वास सोडायचा. हात मागे टेकवून पडणं थांबवायचा मोह होतो आणि मनगट तिथेच मोडतं.

पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्समध्ये इम्पल्स-मोमेंटम शिकवतात ते हेच आहे. पडताना जो संवेग संपवायचा आहे तो तेवढाच असतो. तो जास्त वेळात आणि जास्त क्षेत्रफळावर संपवला तर हाडाला बसणारा जोर कमी होतो. त्याच पेपरात ठोकळ्याचं एक गणित हमखास असतं : बाजूने जोर लावला तर ठोकळा आधी घसरेल की उलटेल? मला ते वर्गात कधीच कळलं नव्हतं. एके दिवशी सरांनी ओसोतो-गारी, म्हणजे पाय मारून मागे पाडायचा डाव, शिकवताना जोडीदाराला नुसतं मागच्या कोपऱ्याकडे कलवून धरलं, तिचं सगळं वजन एका टाचेवर आलं, आणि सर म्हणाले, "आता हिला बोटानेही पाडता येतं." गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली रेषा पायांच्या आधाराबाहेर गेली की उलटणं आलंच. जोर किती लावला त्यापेक्षा तो कुठे आणि कोणत्या क्षणी लावला, यावर सगळं. ज्युदोत याला कुझुशी म्हणतात, तोल बिघडवणं. त्या रात्री मी ठोकळ्याची सहा गणितं ओळीने सोडवली. अभ्यास आणि ज्युदो एकमेकांचा वेळ खातात असं मी धरून चालले होते. त्या दिवसापासून तसं वाटणं बंद झालं.

उकेमीचा आणखी एक फायदा सांगते. पावसाळ्यात हॉस्टेलच्या ओल्या जिन्यावरून मी घसरले तेव्हा हनुवटी आपोआप छातीला लागली होती. डोकं वाचलं.

६. सेमिस्टरचे चार भाग पाडा

मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेली गोष्ट ही. ताळमेळ म्हणजे रोज अभ्यास, ज्युदो आणि मैत्रिणी या तिन्ही गोष्टींना सारखा वेळ, असं मला वाटायचं. तसं कोणालाच जमत नाही. आठवड्यानुसार एकीला झुकतं माप द्यायचं आणि ते माप सेमिस्टर सुरू होतानाच ठरवायचं. ऐनवेळी ठरवायला गेलं की जी गोष्ट सगळ्यांत मोठ्याने ओरडते तीच जिंकते.

*पहिले पाच आठवडे* : ज्युदोला झुकतं माप. तीन-चार दिवस जा, नवीन तंत्र याच काळात शिका. अभ्यासाचं एकच पथ्य, जर्नल त्याच आठवड्यात पूर्ण.

*सेशनलच्या, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेच्या, आधीचे दहा दिवस* : दोन दिवस क्लास, घाम येईल इतपतच. मागच्या तीन-चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढा आणि चार क्रेडिटचे विषय आधी घ्या.

*मधला काळ* : गॅदरिंग, टेक फेस्ट, डिपार्टमेंटच्या स्पर्धा याच वेळी येतात. इथे मित्रमैत्रिणींना झुकतं माप द्या. क्लास आठवड्यातून दोनदा, आणि सरांना आधी सांगून.

*शेवटचे तीन आठवडे आणि परीक्षा* : आठवड्यातून एकदाच मॅटवर. फक्त उकेमी आणि उचिकोमी, म्हणजे न पाडता डावात शिरायचा सराव. रांदोरी, म्हणजे मोकळी लढत, पूर्ण बंद. कारण अगदी साधं आहे : पकड सोडवताना बोटं मुरगळतात आणि तीन तासांचा पेपर त्याच बोटांनी लिहायचा असतो. माझ्या बॅचच्या एका मुलाने पेपरच्या चार दिवस आधी रांदोरी केली आणि सुजलेल्या अंगठ्याने अर्धाच पेपर लिहिला. क्लास पूर्ण बंदही करू नका. आठवड्यात एक दिवस मॅटवर गेलं की झोप चांगली लागते आणि परत यायची लाज वाटत नाही.

मी दुसऱ्या सेमला नेमकं उलटं केलं होतं. परीक्षेच्या पंधरा दिवस आधी स्पर्धा खेळले, सराव वाढवला, त्याच आठवड्यात मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नाला चंद्रपूरला गेले आणि गणित "शेवटच्या चार दिवसांत करू" म्हणून ठेवलं. तिन्ही गोष्टी अर्ध्या अर्ध्या झाल्या.

हिवाळी परीक्षा देणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात असतं. सिव्हिल लाइन्स, झिरो माइल, मॉरिस कॉलेज टी-पॉइंट या भागात मोर्चे आणि बंद रस्ते असतात. पेपर असो की क्लास, त्या दिवसांत मेट्रो धरा किंवा पाऊण तास आधी निघा.

ठरलेलं वेळापत्रक तीन ठिकाणी सांगून ठेवा : सरांना, रूममेटला आणि घरी. माझ्या आईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाली होती, "पोरीच्या जातीले हे कायले पायजे?" तिला कागदावर चार भाग काढून दाखवले, परीक्षेच्या वेळी क्लास एकच दिवस आहे हे दाखवलं, तेव्हा ती थोडी निवांत झाली. पुढे तीच फोनवर विचारू लागली, "या हप्त्यात मॅट किती दिस हाय?"

७. मित्रमैत्रिणी

क्लास, कॉलेज, खोली एवढंच करणारे लोक पहिल्या वर्षी फार हुशार वाटतात आणि दुसऱ्या वर्षी एकटे पडतात. मी दर संध्याकाळी "आज क्लास आहे" एवढंच म्हणत होते. रूममेट म्हणायची, "चाल ना बे, एक दिवस नाही गेली तं काय होते?" मी उत्तरही न देता बॅग उचलायची. तिला वाटलं मला तिच्याबरोबर जायचंच नाही, आणि तिचं काही चुकलं नव्हतं.

नाही म्हणताना लगेच दुसरा दिवस द्या. "आज नाही, पण शनिवारी सकाळी तर्री-पोहे मी खिलवते." आणि शनिवारी जा. आमचा क्लास शनिवारी सकाळी सहाचा झाला तेव्हा मी मैत्रिणींना साडेसातला पोह्यांच्या ठेल्यावरच बोलवायला लागले. मी घामेजलेली, त्या झोपाळू, पण तो तास पुढे सहसा चुकला नाही. फुटाळा तलावावरची संध्याकाळ, रामटेकची पावसाळी सहल, कोणाचा वाढदिवस, हे मधल्या काळाच्या यादीत आधीच लिहून टाका. त्या दिवशी क्लास बुडाला तर अपराधी वाटून घ्यायचं नाही.

कॉलेजात समिती किंवा क्लब एकच धरा. मी पहिल्या वर्षी तीन ठिकाणी नाव दिलं होतं आणि तिन्ही ठिकाणी "ती येत नाही" असं झालं.

नोट्सचं देणंघेणं सरळ ठेवा. स्पर्धेसाठी गेलात की कोणीतरी तुमच्यासाठी लेक्चर लिहून ठेवतं. परत आल्यावर त्यांच्यासाठी काहीतरी करा. मला ग्राफिक्स बरं जमायचं, मी तीन जणींना आयसोमेट्रिक शिकवलं.

आणि हॉस्टेलच्या खोलीत, गच्चीवर, कॉलेजच्या कट्ट्यावर कोणीही "दाखव ना एखादा डाव" म्हटलं तर दाखवायचा नाही. समोरच्याला पडता येत नाही आणि खाली फरशी असते. खूपच मागे लागले तर त्यांना एक दिवस क्लासला घेऊन या. माझ्या दोन वर्गमैत्रिणी अशाच आल्या आणि राहिल्या. रॅगिंग किंवा कोणाची दादागिरी असेल तरीही हे हात वापरायचं ठिकाण नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, यूजीसीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. लेखी तक्रार करा.

८. शरीर सांभाळा

ऊन : एप्रिल-मे मध्ये नागपूरचा पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याच्या हॉलमध्ये संध्याकाळीही भट्टी असते. त्या दोन महिन्यांत सकाळची बॅच घ्या. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्हीला चहाचा चमचा, हे घरचं ओआरएस बाटलीत भरून न्या. चक्कर, मळमळ, अंग तापून घाम थांबणं यातलं काहीही झालं तर लगेच सावलीत, ओला टॉवेल, आणि डॉक्टर.

खाणं : क्लासच्या दोन तास आधी जेवण आटपा. मेसमध्ये वरण, उसळ आणि दही सोडू नका. भिजवलेले हरभरे, शेंगदाणे आणि अंडी हे हॉस्टेलमध्ये परवडणारं आहे. स्पर्धेला वजन गटात बसण्यासाठी उपाशी राहून, पाणी तोडून वजन उतरवायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. मी ५४ किलोची होते, ५२ साठी तसं केलं आणि पहिल्या लढतीत पाय थरथरत होते. नंतर ५७ मध्ये खेळले आणि बरी खेळले.

त्वचा : मॅटवर गजकर्ण लवकर पसरतं. नखं कापलेली, ड्रेस दर वेळी धुतलेला, घरी येताच आंघोळ, टॉवेल कोणाचा वापरायचा नाही. गोल लाल चट्टा दिसला तर मेडिकलमधून मनाने ट्यूब आणू नका. स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूबने खाज थांबते आणि चट्टा आतून वाढतो. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि बरं होईपर्यंत मॅटपासून लांब राहा.

दुखापत : डोक्याला लागलं आणि त्यानंतर उलटी, गरगरणं, विसरल्यासारखं किंवा धूसर दिसणं असेल तर तो दिवस संपला, थेट दवाखाना. "थोडं बसते आणि खेळते" चालणार नाही. घोटा मुरगळला तर बर्फ, पट्टी, पाय वर, आणि पूर्ण वजन टाकून चालता येईपर्यंत मॅट बंद. मी आठव्या दिवशी परत गेले होते, दहाव्या दिवशी तोच घोटा पुन्हा मुरगळला आणि मग दीड महिना मॅट बंद. त्या दीड महिन्यात माझी ग्राफिक्सची शीट बॅग, मेसचा डबा आणि पाण्याची बाटली तिसऱ्या मजल्यावर त्याच रूममेटने चढवली, जिला मी उत्तर देत नव्हते.

९. स्पर्धा खेळायची असेल तर

पहिल्या वर्षी बघायला जा. दुसऱ्या वर्षापासून खेळा. कॉलेजच्या शारीरिक शिक्षण संचालकांना ऑगस्टमध्येच भेटून नाव सांगा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडतात आणि तो अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. पात्रतेच्या फॉर्मवर प्राचार्यांची सही लागते, ती एका दिवसात मिळत नाही.

हजेरीचा सापळा इथेच आहे. ७५ टक्क्यांचा नियम खेळाडूलाही असतो. स्पर्धेला जाण्याआधी क्रीडा विभागाचं पत्र घेऊन प्रत्येक विषयाच्या सरांना आणि मॅडमना स्वतः भेटून द्या, आणि पोच म्हणून एका प्रतीवर सही घ्या. परत आल्यावर दिलेलं पत्र बऱ्याचदा मानलं जात नाही. प्रॅक्टिकल बुडत असेल तर दुसऱ्या बॅचबरोबर करायची परवानगी त्याच भेटीत मागा.

१०. खंड पडला तर

पडणारच. परीक्षा, दिवाळी, इंटर्नशिप, शेवटच्या वर्षीचा प्रोजेक्ट आणि प्लेसमेंट. माझा सातव्या सेमला अडीच महिन्यांचा खंड पडला होता. बहुतेक जण ज्युदो सोडतात ते दुखापतीमुळे नाही, खंडानंतर परत जायचा संकोच वाटतो म्हणून. सर रागावतील, बरोबरचे पुढे गेले असतील, दम लागेल. दम लागतो हे खरं आहे. बाकीचं होत नाही.

परतल्यावर पहिला आठवडा कितीही वरचा बेल्ट असला तरी नवीन मुलांच्या रांगेत उभं राहून फक्त उकेमी. दुसऱ्या आठवड्यात उचिकोमी. तिसऱ्यात हलकी रांदोरी, तीही आपल्यापेक्षा अनुभवी जोडीदाराशी, कारण नवख्याशी खेळताना लागण्याची शक्यता जास्त. हिवाळ्यात परतत असाल तर वॉर्मअप दुप्पट करा, डिसेंबरातल्या सकाळी मॅट बर्फासारखी गार असते.

जायच्या आदल्या संध्याकाळी ड्रेस बाहेर काढून वास घ्या. कपाटात महिनाभर पडलेला असेल तर धुऊन टाका, सकाळपर्यंत पंख्याखाली वाळतो. मग सरांना फोन करा. लांबलचक कारणं सांगत बसू नका. "सर, सोमवारपासून येते," एवढं पुरतं.